गराडूच्या वाफ्यात आपोआप आलेलं लाल-पिवळं फूल कोणतं?

परसबाग_इंदूर:
नमस्कार मंडळी. मागच्या अंगणात गराडूचा (तळून खातात त्या कंदाचा) वाफा आहे. जूनमध्ये पाऊस लागल्यावर त्यातच एक अनोळखी वेल उगवला, आम्ही लावलेला नाही. आता ऑगस्टमध्ये तो सहा फूट झालाय आणि गराडूच्याच सुतळीवर चढलाय. फुलं खाली मान घालतात, पण पाकळ्या उलट्या वर वळलेल्या. सहा पाकळ्या, अरुंद, कडा कुरळ्या. कळी हिरवट, उमलताना पिवळी, मग टोकाकडून लाल होत जाते आणि शेवटी सगळं फूल लालभडक. वास नाही. शेजारच्या काकू लिली म्हणतात, माळी बचनाग म्हणतो आणि उपटायला सांगतो. घरात चार वर्षांचं मूल आहे. नक्की काय आहे हे, आणि ठेवावं का?

रानवाटा_देवास:
पानाचं टोक बघा. ते बारीक होत जाऊन स्प्रिंगसारखं वळलेलं असेल आणि त्याच टोकाने सुतळी धरलेली असेल, तर ही कळलावी. वेगळे ताणे फुटत नाहीत, पानाचं टोकच ताण्याचं काम करतं. लिलीचं पान असं कशाला धरून चढत नाही. टायगर लिलीच्या पाकळ्याही मागे वळतात, पण त्यांवर गडद ठिपके असतात आणि झाड सरळ उभं राहतं.

दुसरी खूण फुलाच्या मध्यभागी. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाजूला पसरतात, आणि स्त्रीकेसराची दांडी बुडापाशीच काटकोनात वळून आडवी जाते. ही खूण जुळली की शंका उरत नाही. नर्सरीत मिळणाऱ्या बागेतल्या जातीची पाकळी रुंद आणि कमी कुरळी असते. तुमची अरुंद आहे, म्हणजे रानातलीच. इंदूरच्या नर्सरीत विचारायचं तर ‘कलिहारी’ म्हणा.

बी रुजून फूल यायला साधारण तीनेक पावसाळे लागतात. तुमच्याकडे पहिल्याच वर्षी फुललीय, तेव्हा बाहेरून आणलेल्या मातीतून किंवा शेणखतातून कंदच आला असणार.

वनौषधी_ग्वाल्हेर:
माळीदादांचा इशारा बरोबर आहे, नावाचा मात्र घोटाळा आहे. बचनाग म्हणजे खरा वत्सनाभ, हिमालयातल्या थंडीत होणारं निळ्या-जांभळ्या फुलांचं झुडूप. ते इंदूरच्या अंगणात आपोआप उगवणार नाही. कळलावीलाही काही भागांत बचनाग किंवा खड्यानाग म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. ‘घरात कळलावी लावली की भांडणं होतात’ या समजुतीला काही आधार नाही. नावातली कळ ही बाळंतपणाची. त्यासाठी कंद वापरायची जुनी रीत होती. ती कुणीही घरी करू नये, जिवावर बेतते.

विष आहे कोल्चिसिन. ते सगळ्या भागांत असतं, कंदात आणि बियांत सर्वांत जास्त. शिजवल्याने ते जात नाही. पोटात गेलं तर काही तासांत घसा जळजळतो, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. त्यानंतर थोडं बरं वाटू लागलं तरी फसू नका, मूत्रपिंड आणि रक्तावरचा परिणाम पुढच्या दिवसांत दिसतो. घरगुती उपाय करत बसू नका. लक्षणांची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्या आणि वेलाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना अंदाज बांधावा लागत नाही.

परसबाग_इंदूर:
टोक अगदी तसंच वळलंय, मधली दांडीही काटकोनात. कळलावीच. मग गराडू खाणं सुरक्षित आहे का?

रानवाटा_देवास:
शेजारी उगवल्याने गराडूत विष उतरत नाही. धोका कंदांची सरमिसळ होण्याचा आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात गराडू खणाल तोवर कळलावीचा वेल वाळून नाहीसा झालेला असेल आणि कंद मातीत तसाच राहील. म्हणून आत्ताच तिच्या बुडाशी बांबूची खुंटी ठोका आणि लाल कापड बांधा.

कंद ओळखायला सोपा आहे: बोटा-अंगठ्याएवढा जाड, गुळगुळीत, व्ही किंवा एल आकाराचा, दोन्ही टोकं निमुळती. नांगराच्या आकारावरूनच संस्कृतात तिला लांगली म्हणतात. गराडू जाडजूड, खडबडीत आणि बारीक मुळ्यांनी केसाळ. पण तुटलेला तुकडा हाती आला तर ओळख पटत नाही. खुंटीभोवतीच्या फूटभर घेरातला शंकास्पद तुकडा सरळ फेकावा, इंदूरच्या सराफा बाजारातल्यासारखा तळायला घेऊ नये.

कुंडीवेडा_बडोदा:
माझं मत: मूल मोठं होईपर्यंत या वाफ्यात ठेवू नका. पण मारूही नका, तमिळनाडूचं राज्यफूल आहे हे. आत्ता फुलात असताना उपटलंत तर कंद मोडेल. आत्ता एवढंच करा: फूल कोमेजलं की देठापासून कापा, म्हणजे शेंगा धरणार नाहीत. पिकलेली शेंग फुटली की आतले लाल-केशरी दाणे मुलांना हमखास खुणावतात.

वेल पूर्ण वाळला की हातमोजे घालून, खुंटीपासून लांबून, खुरप्याने माती मोकळी करत कंद काढा. नवा कोंब फक्त टोकाला फुटतो. टोक मोडलं तर उरलेला कंद कितीही जाड असो, उगवत नाही. कोरड्या वाळूत, नाव लिहिलेल्या डब्यात, स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. मे अखेरीस १२ इंची कुंडीत माती, जाड वाळू आणि कंपोस्ट समप्रमाणात घेऊन दोन-तीन इंच खोल आडवा पुरा. नुसत्या मालव्याच्या काळ्या मातीत पाणी साचून कंद सडतो. आधाराला सुतळी किंवा बारीक तार द्या, जाड बांबूला पानाचं टोक विळखा घालू शकत नाही. कुंडी गच्चीवर, कुलपाआड.

पानं अचानक कुरतडलेली दिसली तर काळ्या अंगावर पांढरे आणि लाल-नारिंगी ठिपके असलेली अळी शोधा. कोल्चिसिन तिला बाधत नाही, दोन-चार दिवसांत वेल बोडका करते. हातमोजे घालून वेचा. फारच झाल्या तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा.

परसबाग_इंदूर:
खुंटी ठोकली, फुलं छाटायला घेतली. छाटलेली फुलं कंपोस्टच्या खड्ड्यात चालतील का?

कुंडीवेडा_बडोदा:
फुलं-पानं चालतील, खड्डा झाकलेला हवा आणि गाई-बकऱ्यांचं तोंड तिथे पोचता कामा नये. शेंगा आणि कंदाचे तुकडे मात्र नकोत, नाहीतर खतातून पुढच्या जूनला दुसऱ्या वाफ्यात निघतील.