देवळाच्या हॉलमधलं भजन कमी ऐकू येणाऱ्यांपर्यंत कसं पोचवायचं?

खानापूरकर: नमस्कार मंडळी. हॉल ४० बाय २५ फूट, काँक्रीटवर फरशी, बैठक जमिनीवर. श्रोत्यांत श्रवणयंत्रवाले आठ-दहा आणि पूर्ण कर्णबधिर चार. आवाज वाढवला की यंत्रवालेच आधी उठतात. काय करावं?

साउंडवाला_बेळगाव: आवाज वाढवूच नका. यंत्राचा माइक स्पीकर, घुमणं, शेजारची कुजबुज सगळं एकत्र उचलतो. इंडक्शन लूप घाला: हॉलभोवती तारेचा एक वेढा आणि लूपचाच ॲम्प्लिफायर. तारेच्या चुंबकीय क्षेत्रातून आवाज यंत्रातल्या छोट्या टी-कॉइलपर्यंत पोचतो. साध्या ॲम्प्लिफायरला तार जोडली तर वरचे स्वर पडतात, शब्द बोजड येतात. यंत्र ‘टी’वर (टी-कॉइलवर) टाकलं की गाणं थेट कानात. पण आधी विचारून घ्या, कानात बसणाऱ्या छोट्या यंत्रांत टी-कॉइल बहुधा नसते.

खर्चाआधी एक यंत्र ‘टी’वर टाकून हॉलभर फिरा. गुंऽऽ असा आवाज आला तर डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं बटण) किंवा वायरिंगचा दोष. फेज आणि न्यूट्रल वेगवेगळ्या वाटेने नेलेले असतात, तिथे असं होतं. तो आधी काढा.

लूपला आवाज मिक्सरच्या ऑक्समधून (वेगळ्या आउटपुटमधून) द्या, तोही प्री-फेडर, म्हणजे हॉलचा आवाज कमी-जास्त केला तरी लूपचा बदलत नाही. गायक वर, रिव्हर्ब (कृत्रिम घुमणं) बंद. टाळांना ऑक्समध्ये जागाच देऊ नका, ते गायकाच्या माइकमधून येतातच! तार रंगमंचाखालून नेऊ नका. डायनॅमिक माइकमध्येही कॉइल असते, तो लूपचं क्षेत्र उचलतो आणि शिट्टी सुरू होते. अगदी तारेवर बसलेल्याला जवळजवळ काहीच येत नाही, म्हणून बैठक तीन-चार फूट आत. फरशीखालच्या लोखंडी सळ्याही लूपचं क्षेत्र खातात, वरचे स्वर जास्त. पातळी मीटरने मोजा: शिखर ४०० मिलिअँपिअर प्रति मीटर, तेही बसलेल्याच्या कानाच्या उंचीवर. मानकातली १.२ मीटर उंची खुर्चीसाठी आहे, तुमची बैठक खाली.

निपाणी_तबला: दहा माणसांसाठी एवढी तार कशाला? एफएम रिसीव्हर आणि गळ्यातले लूप भाड्याने मिळाले तर बघा. ब्लूटूथ मात्र नको, आवाज ओठांच्या मागे राहतो.

कर्णबधिर चौघांसाठी १८ मिमी प्लायचा ४ बाय ४ फुटांचा पाट, खाली रबराचे पाय, मधोमध बास शेकर (खालच्या स्वरांनी पाट हलवणारं यंत्र) बोल्टने घट्ट. डग्गा-पखवाजाचा माइक लो-पास फिल्टरने २५० हर्ट्‌झच्या वरचं कापून शेकरला द्या, त्याच आसपास त्वचेला कंपन सर्वांत जास्त जाणवतं. गायन घातलंत की सगळी नुसती गुरगुर. पाय नसले तर फरशी कंपन गिळते. त्यांना स्पीकरजवळ बसवून भागवू नका, उरलंसुरलं ऐकणं असेल तर तेही जातं.

अभंगप्रेमी: शब्दांचं काय? पडद्यावर मराठी ओळ, खाली तीच कन्नड लिपीत, काळ्यावर पांढरी. आपोआप मजकूर करणारी ॲप गाण्यावर पार फसतात, तेव्हा ओळी आधीच टंकून ठेवा आणि बटण भजन पाठ असलेल्याकडे द्या. ध्रुपद कितीदा येईल हे त्यालाच कळतं. आलाप चालू असताना रिकामा पडदा नको, ‘आलाप, राग भूप’ असं लिहा. भारतीय सांकेतिक भाषेचे दुभाषे दोन घ्या, वीस मिनिटांनी पाळी बदला, अभंग आठवडाभर आधी द्या. त्यांच्यावर पांढरा स्थिर उजेड. रंगीत दिव्यांत बोटं दिसत नाहीत.

खानापूरकर: गुंऽऽवाली तपासणी आधी करतो. डिमर आहेत आमच्याकडे.