‘विश्वास असता तर वाचला असता’ हे कोणत्या शास्त्रात आहे?

उंबरठा
‘बायबलमधलं स्तोत्र ९१ रोज म्हणा, अपघात-आजार घरात शिरणार नाही’ या धाग्यावर लिहायला घेतलं आणि प्रतिसाद लांबला, म्हणून वेगळा धागा. तिथलं शेवटचं वाक्य डोक्यात गेलं: ज्यांचं रक्षण झालं नाही त्यांनी आपला विश्वास तपासावा. माझा भाऊ लहानपणापासून ते स्तोत्र रोज म्हणायचा. अपघातात गेला. दफनविधी उरकून आम्ही दारात पोहोचतो न पोहोचतो तोच एका बाईंनी आईला हेच ऐकवलं होतं.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ काढा. राजा हेरोद याकोबाला तलवारीने मारतो. त्याच अध्यायात देवदूत पेत्राला तुरुंगातून बाहेर काढतो. दोघे प्रेषित, दोघे येशूच्या अगदी जवळचे. याकोबाच्या वाट्याला एक ओळ आली, पण त्याचा विश्वास उणा पडला असं हे पुस्तक लिहिणारा लूक कुठेही म्हणत नाही. आणि मत्तय ४ मध्ये येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून ‘उडी टाक, दूत तुला झेलतील’ असं सैतान म्हणतो, ते याच स्तोत्राच्या आधाराने. येशूचं उत्तर: देवाची परीक्षा पाहू नको. नेमकी तीच परीक्षा पाहायला तो धागा लोकांना शिकवतोय.

जुनाकरार
ताई, तुमच्या दुःखाबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण त्या स्तोत्राचं वचन ७ वाचा: हजार तुझ्या बाजूला पडतील, तरी ते तुझ्याजवळ येणार नाही. वचन १०: कोणतंही अरिष्ट तुझ्यावर येणार नाही. याहून स्पष्ट काय लिहायला हवं? सैतानाने वचनाचा गैरवापर केला म्हणून वचन खोटं ठरत नाही. आणि पेत्रासाठी मंडळी एकाग्रतेने प्रार्थना करत होती, कृत्ये १२, वचन ५. याकोबाबद्दल तसं लिहिलेलं नाही.

उंबरठा
म्हणजे याकोबासाठी कुणी प्रार्थनाच केली नाही? जरा विचार करून लिहा हो. त्याची आई होती, भाऊ योहान होता.

बरं, ती प्रार्थना करणारी मंडळी पुढे काय करते तेही वाचा. पेत्र सुटून थेट त्यांच्याच दाराशी येतो, ठोठावतो. रुदा नावाची दासी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आतले लोक तिला म्हणतात, तू वेडी आहेस. ज्याच्या सुटकेसाठी गुडघे टेकले होते तो बाहेर उभा, आणि यांचा विश्वास बसेना! तरी पेत्र सुटला. तुमचं विश्वासाचं माप लावलं असतं तर तो तुरुंगातच राहायला हवा होता.

दुसरा_बाक
मला एकच बोलायचं आहे. चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने कसं वाचवलं ते सांगताना, माईक कायम वाचलेल्यांच्याच हातात का? ज्यांचं मूल गेलं त्यांना कधी पुढे बोलावलेलं पाहिलंय? ते मागच्या बाकावर बसून टाळ्या ऐकतात. आणि या शिकवणीचा शेवट कुठे होतो ते मी घरात पाहिलंय. मावशीने ‘माझा वैद्य वर आहे’ म्हणत इन्सुलिन सोडलं. सगळे ‘आमेन’ म्हणाले. शुद्ध हरपल्यावर दवाखान्यात न्यायला मात्र आम्ही दोघंच होतो.

जुनाकरार
औषध सोडा असं त्या धाग्यात कुणी लिहिलंय? विषय भरकटवू नका.

दुसरा_बाक
लिहिलं नाही, पण ‘आजार घरात शिरणार नाही’ ऐकल्यावर माणूस दुसरं काय करणार?

लूकचा_वाचक
औषधाचं निघालंच आहे तर सांगतो. राजा हिज्कीया मरणाच्या दारात असताना देवाने त्याला १५ वर्षं दिली, आणि तरीही संदेष्टा यशयाने गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितलं. प्रेषित पौल आपल्या सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो. दुसऱ्या सोबत्याला, त्रफिमाला, तर तो मिलेत इथे आजारीच मागे ठेवून येतो. हा तोच पौल, ज्याला साप डसूनही काही झालं नव्हतं.

वचन_खरे
सापाचं तुम्हीच काढलंत. मार्क १६:१८, विश्वास ठेवणारे साप उचलतील! हेही आता नाकारणार का?

लूकचा_वाचक
मार्क १६ मधली ९ ते २० ही वचनं सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाहीत. आणि त्याच वचनावर अमेरिकेत सभांमधून साप हाताळायची प्रथा पसरवणारे जॉर्ज हेन्स्ली १९५५ मध्ये सर्पदंशानेच गेले. पौलाने साप हौसेने उचलला नव्हता. तो शेकोटीसाठी काटक्या गोळा करत होता, त्यातून निघाला.

वचन_खरे
म्हणजे आवडलं नाही की ‘हस्तलिखितात नाही’ म्हणायचं! उद्या स्तोत्रंही काढून टाका.

उंबरठा
कुणी काही काढत नाहीये. उलट पूर्ण वाचा म्हणतेय. ९१ च्याच वचन १५ मध्ये देव म्हणतो, संकटात मी त्याच्याजवळ राहीन. संकट येणारच नसेल तर हे कशाला? दानीएलाच्या पुस्तकात मूर्तीपुढे न वाकल्यास आगीच्या भट्टीत टाकण्याची धमकी मिळालेले शद्रख, मेशख, अबेद्नगो राजाला सांगतात: आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. हे ‘नाही सोडवलं तरी’ म्हणणाऱ्यांचा विश्वास कमी होता का? नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या अध्याय ११ मध्ये सिंहांची तोंडं बंद करणारे आणि करवतीने कापले गेलेले एकाच यादीत आहेत, आणि विश्वासाबद्दल नावाजलेत सगळेच.

जुनाकरार
इब्री ११ ला माझ्याकडे उत्तर नाही, मान्य. त्या बाई तुमच्या आईला जे बोलल्या ते चूकच, लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या १८ जणांबद्दल येशूनेच तसं बोलायला मनाई केली आहे. पण वचन १० मी सोडणार नाही. माझी मुलगी आयसीयूत असताना रात्रभर तेच म्हणत होतो. ती बरी झाली. ते योगायोग होता असं मला कुणी सांगू नये.

उंबरठा
योगायोग मी म्हटलेलंच नाही. तुमची मुलगी बरी झाली, देवाचे आभार. पुढच्या वेळी साक्ष द्याल तेव्हा माईक खाली ठेवण्याआधी माझ्या आईलाही बोलवा, एवढंच मागतेय.

जुनाकरार
पाळकांना विचारतो. शब्द देत नाही.