अंबाझरीवर संध्याकाळी सगळे पक्षी काळेच दिसले: तलाव, वेळ आणि दुर्बीण याविषयी मार्गदर्शन हवे

हुडकेश्वरची शिक्षिका

नमस्कार. मी नागपुरात आठवीला विज्ञान शिकवते. मागच्या शनिवारी संध्याकाळी 14 विद्यार्थ्यांना घेऊन अंबाझरी तलावाच्या पाळीवर (बांधावर) गेले होते. पाण्यावर पक्षी भरपूर होते, परंतु मावळतीचा उजेड थेट डोळ्यांवर येत असल्यामुळे ते नुसते काळे ठिपके दिसले. एकच पक्षी जवळ आला. अंग काळे, चोच आणि कपाळ पांढरेशुभ्र. आमची चाहूल लागताच तो पाण्यावर पाय आपटत बराच पळाला आणि मग उडाला. मुलांनी वहीत ‘बदक’ असे लिहिले, मला मात्र खात्री वाटत नाही. जानेवारीत पुन्हा जायचे आहे. कोणता तलाव निवडावा, कोणत्या वेळी जावे आणि दुर्बीण कोणती घ्यावी?

पाणकाठ

ताई, तलाव बदलण्याआधी वेळ बदलून पाहा. 1870 साली बांधलेल्या अंबाझरीची पाळ तलावाच्या पूर्वेला आहे. संध्याकाळी तेथे उभे राहिले की सूर्य समोर येतो. सकाळी तोच पाठीशी असतो आणि थापट्या बदकाच्या डोक्यावरची हिरवी झाकसुद्धा स्पष्ट दिसते. उजाडताच पोहोचा आणि एकाच जागी किमान अर्धा तास बसा. पाळीवरून चालत राहणाऱ्या घोळक्यापासून पक्षी सतत दूर सरकत राहतात, बसलेल्या माणसांना मात्र ते हळूहळू मान्य करतात. चरणाऱ्या पक्ष्याने चरणे थांबवून मान ताठ केली, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजावे आणि तेथेच थांबावे.

मुलांनी पाहिलेला पक्षी वारकरी असणार. तो बदक नव्हे, पाणकोंबडीच्या कुळातला आहे. बदकाच्या बोटांमध्ये सलग पडदा असतो. वारकऱ्याच्या प्रत्येक बोटाला मात्र सुट्या, पानासारख्या पाळ्या असतात. चिखलात किंवा काठावर उभा असेल तेव्हा त्याचे पाय मुलांना अवश्य दाखवा, कारण एकदा पाहिलेले ते पाय कोणी विसरत नाही.

दुर्बीण 8×42 घ्यावी, म्हणजे 8 पट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग 42 मिलिमीटर व्यासाचे असलेली. 10 पटींची दुर्बीण मुलांच्या हातात थरथरते आणि तिच्यातून दिसणारे क्षेत्रही अरुंद असल्यामुळे पक्षी सापडेपर्यंत तो उडून गेलेला असतो. 42 ला 8 ने भागले की सुमारे सव्वापाच येतात. दुर्बिणीतून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत तितक्या मिलिमीटरचा असतो, म्हणून पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ मिळते. 14 मुलांत दोन दुर्बिणी पुरतात. एकाने पाहावे, दुसऱ्याने लिहावे, बाकीच्यांनी नुसत्या डोळ्यांनी पक्ष्यांच्या हालचाली टिपाव्यात.

साकोलीकर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु तलावाच्या निवडीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या भंडारा-गोंदियाकडे लहानपणापासून हेच पाहत आलो आहे. मालगुजारी, म्हणजे गावाचा शेतसारा गोळा करण्याची जुनी पद्धत, 1951 मध्ये संपली आणि कोहळी समाजाने पिढ्यानपिढ्या बांधलेले आमचे तलाव ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच मामा तलाव झाले. अशा तलावाच्या पाळीजवळ पाणी खोल असते, तेथे बुडी मारून खाणारी लालसरी बदके दिसतात. समोरच्या उथळ टोकाकडे पाणी ओसरत जाते तसा ओला चिखल उघडा पडतो, आणि खरी गर्दी तेथेच असते: शेकाट्या, तुतवार, शेपटी वर करून डोके पाण्यात खुपसणारी तलवार बदके. म्हणून काठोकाठ भरलेला तलाव डोळ्यांना कितीही सुंदर वाटला, तरी पक्षी पाहायला अर्धा ओसरलेला तलाव निवडावा. त्याच ओल्या जमिनीवर लोक गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, करतात, काठाने बेशरमाची झुडपे माजतात आणि चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांची जागा दरवर्षी आकसत जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. मुलांना तेही दाखवा.

एका दिवसाची सहल शक्य असेल तर रामटेकजवळचा खिंडसी तलाव पाहा. मुक्काम करता येत असेल तर गोंदियाकडचा नवेगावबांध तलाव. मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांची जाळी पाण्यात असतील, तर त्यांना विचारूनच काठाने पुढे जा. कोणता पक्षी कोणत्या कोपऱ्यात बसतो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

हुडकेश्वरची शिक्षिका

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक विचारते. मुलांना पक्षी मोजायचे आहेत, पण शेकड्यांचा थवा कसा मोजावा?

पाणकाठ

आधी दहा पक्षी एकेक करून मोजा आणि ते पाण्याचा केवढा भाग व्यापतात हे डोळ्यांत साठवा. मग तेवढेच तुकडे थव्यावर ठेवत जा. दोन मुलांनी एकमेकांना न सांगता मोजावे. आकड्यांत फार अंतर पडले तर पुन्हा मोजावे. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होत आली आहे, तेव्हा तुमची तारीख अगदी योग्य आहे. प्रत्येक नोंदीसोबत वेळ आणि पाण्याची पातळी लिहायला विसरू नका, म्हणजे पुढच्या वर्षीच्या वर्गाला तुलना करता येईल.

हुडकेश्वरची शिक्षिका

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला पाळीवर जमायचे ठरले आहे. आज वर्गात वारकऱ्याच्या पायाचे चित्र फळ्यावर काढले, तेव्हा ‘बदक’ लिहिणाऱ्या मुलाने तो शब्द स्वतःहून खोडला.