काउंटीची हिशेबवही आणि मेडिकेड

मेडिकेडचा, म्हणजे अमेरिकेतल्या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, अधिक प्रौढांपर्यंत विस्तार हा केंद्र आणि राज्य यांच्यातला व्यवहार असताना काउंटीने (आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाने) त्यात का पडावे, हा प्रश्न रास्त आहे. पण आयडाहो राज्याचे उदाहरण पाहिले की त्याचे उत्तर काउंटीच्या हिशेबवहीतच सापडते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालाने विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला आणि आयडाहोने तो काही वर्षे टाळला. त्या काळात विमा नसलेल्या गरीब रुग्णाला इस्पितळाचे बिल फेडता आले नाही, तर मंजूर अर्जामागे पहिल्या ११,००० डॉलरपर्यंतचा भार काउंटीवर पडे आणि त्यापुढचा राज्याच्या निधीवर. काउंटी हा पैसा मालमत्ताकरातून उभा करी. शिवाय मदतीचा अर्ज करणाऱ्या रुग्णाच्या मालमत्तेवर बोजा चढे, त्यामुळे ही मदत कमी आणि कर्जच अधिक होते. (ज्याच्याकडे बोजा चढवण्याजोगे काहीच नाही, त्याच्याकडून वसुली किती होणार, हे सांगायला नकोच.)

नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे ६१ टक्के मतदारांनी विस्ताराला कौल दिला आणि जानेवारी २०२० पासून दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढांना मेडिकेड मिळू लागले, ज्याचा ९० टक्के खर्च केंद्र उचलते. अर्थात काउंट्या पूर्ण सुटल्या असे लगेच झाले नाही, कारण उरलेल्या दहा टक्क्यांत त्यांनीही वाटा उचलावा की नाही, यावरून विधिमंडळात बरीच ओढाताण झाली.