क्लोरीन पुरेसे दिसत असूनही तरणतलावात शेवाळ पुन्हा पुन्हा का येते?

साळगावचे अंगण
नमस्कार. आमच्या घरामागे ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल, म्हणजे सुमारे ४५,००० लिटर पाण्याचा तरणतलाव आहे. ऑक्टोबरअखेर टाइल्सची दुरुस्ती करून तो नव्याने भरला, आणि तेव्हापासून आठवड्याला टीसीसीएच्या (ट्रायक्लोरो आयसोसायन्युरिक आम्ल, म्हणजे हळूहळू विरघळून क्लोरीन सोडणारे रसायन) २०० ग्रॅमच्या दोन गोळ्या तरंगत्या डब्यात घालण्याचा शिरस्ता आहे. मार्चपासून मात्र चिऱ्याच्या कुंपणालगत, आंब्याची सावली पडते त्या बाजूच्या भिंतीवर पिवळसर हिरवी पूड बसू लागली. ब्रश फिरवला की ती हळद उधळल्यासारखी पाण्यात पसरते, फिल्टर चालवला की पाणी निवळते, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पूड पुन्हा त्याच जागी हजर असते. शेवाळनाशकाच्या तीन बाटल्या संपल्या; प्रत्येकीने आठवडाभर दिलासा दिला, त्याहून अधिक नाही. चाचणीच्या किटवर क्लोरीन ३ पीपीएम (दहा लाख भागांत ३ भाग) आणि पीएच ७.८ दिसतो, त्यामुळे दुकानदाराच्या मते पाण्यात काहीच दोष नाही. चवथीला मुंबईची मंडळी येतील आणि मुले पाण्यात उतरल्याशिवाय राहणार नाहीत, म्हणून आताच, मे महिन्यात, विचारत आहे.

कुळागर, फोंडा
आम्ही सुपारीच्या कोळरोगावर मोरचूद (तांब्याचा क्षार, कॉपर सल्फेट) आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण दर पावसाळ्यात फवारतो. तेच मोरचूद मूठभर फडक्यात बांधून पाण्यात सोडावे. बागेतल्या दगडी टाकीतले शेवाळ आम्ही असेच घालवले.

निवृत्त रसायनशिक्षिका, मडगाव
मोरचुदाने शेवाळ मरते हे खरे आहे, आणि बाजारातील काही शेवाळनाशकांत तांबेच असते. परंतु बागेच्या टाकीत जे चालते ते तरणतलावात चालेलच असे नाही, कारण तांबे पाण्यात साठत जाते, पीएच वाढला की टाइल्सच्या सांध्यांवर डाग पाडते आणि पाणी बदलल्याखेरीज सहसा हटत नाही. शिवाय मूठभर हे काही माप नव्हे.

मूळ दोष मला गोळ्यांमध्ये दिसतो. टीसीसीएच्या प्रत्येक गोळीबरोबर क्लोरीनखेरीज सायन्युरिक आम्लही पाण्यात जाते. हे आम्ल क्लोरीनला धरून ठेवते आणि उन्हात ते लवकर उडून जाऊ देत नाही, म्हणून थोड्या प्रमाणात ते हवेच. पण क्लोरीन खर्च होते आणि हे आम्ल मात्र जवळजवळ जसेच्या तसे मागे उरते. आपल्या ४५,००० लिटरमध्ये एक गोळी सुमारे ४ पीपीएम क्लोरीन देते आणि जवळपास २.४ पीपीएम आम्ल मागे ठेवते. आठवड्याला दोन गोळ्या, असे तीस आठवडे, हा हिशेब केला तर आकडा १५० च्या घरात जातो. आपले किट मोकळे क्लोरीन आणि या आम्लाने धरून ठेवलेले क्लोरीन यांत भेद करत नाही. दोन्ही मिळून ३ पीपीएम दाखवते. शेवाळ रोखण्यासाठी क्लोरीन निदान सायन्युरिक आम्लाच्या साडेसात टक्के असावे, असा व्यवहारातील नियम आहे. म्हणजे आपल्याला पाण्यात कायम ११ पीपीएमच्या वर क्लोरीन ठेवावे लागेल. पाण्यात क्लोरीन आहे, पण त्याचे हात बांधलेले आहेत.

तेव्हा प्रथम सायन्युरिक आम्ल मोजावे. त्याची चाचणी गढूळपणावर चालते, नळीच्या तळचा काळा ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा असतो. ती १०० च्या पुढे नीट मोजत नाही, म्हणून निम्मे साधे पाणी मिसळून येणारा आकडा दुप्पट करावा. यापुढे गोळ्या बंद करून द्रव हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, ज्यात सायन्युरिक आम्ल नसते) वापरावे. एक गोष्ट मात्र अत्यंत कटाक्षाने पाळावी: टीसीसीए आणि हायपो किंवा ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत वा डब्यात कधीही एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू सुटतो आणि आगही लागू शकते.

साळगावचे अंगण
ताई, मनःपूर्वक आभार. निम्मे पाणी मिसळून आकडा ७५ आला, म्हणजे आपला हिशेब तंतोतंत निघाला. आता निम्म्याहून अधिक पाणी बदलावे लागणार, परंतु मे महिन्यात आमच्या विहिरीने तळ गाठलेला आहे आणि टँकरचे पाणी तलावात ओतणे शेजाऱ्यांसमोर बरे दिसत नाही.

पूल सांभाळणारा, पर्वरी
टँकर मागवू नका. गोव्यात वर्षाकाठी साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे तुमच्या ३२ चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे ९६,००० लिटर पाणी आभाळातून येणार. तुमचा तलाव दोनदा भरेल इतके. विहिरीच्या पाण्याचाही मोह धरू नका, कारण जांभ्या जमिनीतील पाण्यात पुष्कळदा लोह असते आणि क्लोरीन पडताच ते कोऱ्या चहाच्या रंगाचे होते. जून लागला की मोठ्या सरीपूर्वी वीतभर पाणी कमी करायचे आणि पाऊस पडत असताना पंप चालू ठेवायचा, म्हणजे वरचे नवे पाणी तसेच वाहून न जाता खालच्यात मिसळते. तलाव पूर्ण रिकामा मात्र करू नका. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते आणि रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तिला तडे जातात. असा एक तलाव मी स्वतः पाहिला आहे, आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च ऐकून मालक बराच वेळ बोललेच नव्हते. कुंपणाकडून लाल माती वाहून आत येणार नाही, एवढा चर आधी खणून ठेवा.

आम्ल ५० च्या खाली आले की चांगली उघडीप बघून, पीएच ७.२ ते ७.४ वर आणून, संध्याकाळी क्लोरीन २० पीपीएमपर्यंत न्या आणि ते खाली येऊ न देता रोज घासा. तुमच्या पाण्यात १ पीपीएम वाढवायला १० टक्क्यांचे हायपो साधारण ४५० मिलिलिटर लागते. दुकानाबाहेर उन्हात मांडलेला कॅन घेऊ नका, त्यातला जोर निम्मा गेलेला असतो. फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा अर्धा बार चढला की बॅकवॉश करा, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून फिल्टर धुवा. रात्री आणि पहाटे उजाडण्यापूर्वी क्लोरीन मोजा. रात्रभरात १ पीपीएमपेक्षा कमी घट झाली तर शेवाळ संपले असे समजायला हरकत नाही. त्याच वेळी दिव्याच्या मागची पोकळी, स्किमरचे (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाचे) झाकण आणि शिडी उघडून पाहा. घासणारा माणूस नेमका तिथे पोहोचत नाही.

साळगावचे अंगण
जुलैअखेरची हकिकत कळवतो. पावसाने सायन्युरिक आम्ल ५० च्या जरा खाली आणले, तेव्हा चार दिवसांची उघडीप साधून पहिल्या संध्याकाळी आठ लिटर हायपो घातले. दुसऱ्या सकाळी चाचणी करताना नळीत गुलाबी रंग क्षणभर चमकला आणि पाणी पुन्हा बिनरंगी झाले. सगळे क्लोरीन संपले असे समजून मी आणखी एक कॅन उघडणार होतो, इतक्यात घरच्यांनी ताईंना विचारण्याचा आग्रह धरला. त्यांनी फोनवर सांगितले की क्लोरीन फार झाले तर ते चाचणीचा रंगच उडवते, म्हणून एक भाग तलावाचे आणि चार भाग शुद्ध पाणी घेऊन येणारा आकडा पाचपट करावा. तसे केल्यावर आकडा १८ निघाला!

काल रात्रभरातील घट अर्धा पीपीएम होती आणि सावलीची भिंत अकरा दिवस स्वच्छ आहे. स्टीलची शिडी उपसून काढली, तेव्हा तिच्या पायांच्या काळ्या रबरी टोप्यांत बोटभर जाडीचा पिवळसर हिरवा गाळ निघाला. एवढे महिने आम्ही भिंत घासत होतो आणि बी तेथे जपून ठेवलेले होते. टोप्या नव्या आणल्या आहेत, पण शिडी चवथीपर्यंत बाहेर आंब्याला टेकूनच राहील.