आईनंतर मोठ्या भावाचं कसं? (मतिमंद, वय ३४, यवतमाळ जिल्हा)

पुसदची_लेक
नमस्कार, थोडं लांबलचक लिहून राहिली, सांभाळून घ्या. माझा मोठा भाऊ ३४ वर्षांचा, जन्मापासून मतिमंद. दारव्हा तालुक्यात गाव, घरी तो अन् आई दोघंच, बाबा नाहीत, मी लग्न होऊन पुसदला. आईचे गुडघे गेले पण त्याची आंघोळ झाली का, फिटची गोळी घेतली का हे तिलाच पाहावं लागते. तो बकऱ्या चारते, हापशीवरून पाणी आणते, एक काम सांगितलं तर मस्त करते, दोन सोबत सांगितले की गडबडते. पैसा कळत नाही, अन् हेच लोकांनी हेरलं. सोयाबीनच्या सीझनमध्ये दिवसभर कट्टे उचलायला लावतात अन् संध्याकाळी हातावर एक खर्रा (तंबाखू-सुपारीची पुडी) ठेवतात, तो त्यातच खूश. आई बोलायला गेली तर म्हणे, "काकू, त्याचाही टाइमपास होते न."

शाळेत होता, १८ चा झाल्यावर घरी आणून सोडला, तेव्हापासून काहीच नाही. तेव्हाचा सिव्हिल हॉस्पिटलचा अपंगत्वाचा कागदी दाखला तेवढा आहे. नेटवर पाहावं तर सगळं लहान लेकरांचं. मोठ्यांसाठी काय आहे? पुण्या-मुंबईचं नका सांगू प्लीज.

दिग्रसवाला
ताई, पहिले यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, जुन्या कागदावर आता कोणी विचारत नाही. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, सेतूवालाही भरून देते, मग यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात तपासणी. जाताना जुना दाखला, शाळेचे कागद, फिटच्या गोळ्यांची चिठ्ठी सगळं घ्या, अन् आईला न्याच. तिथं भावाची टेस्ट घेतात पण अर्धे प्रश्न घरच्यांना असतात, शर्टाच्या गुंड्या लावते का, एकटा बाजारात जाऊन सामान आणते का, असे. मी माझ्या मावशीला पाहिलं न, डॉक्टर विचारून राहिले अन् मावशी म्हणते सगळं करते माझं पोरगं! आईच ती, चारचौघांत लेकराला कमी कशी दाखवन. पण अशानं दिव्यांगत्वाची टक्केवारी खाली येते. ४० टक्क्यांच्या खाली गेलं की योजना गेली. खोटं नका सांगू, फक्त हात धरून किती करावं लागते ते जसंच्या तसं सांगा.

कार्ड आलं की तहसीलला संजय गांधी निराधारचा अर्ज टाका. दिव्यांगांसाठी उत्पन्न मर्यादा वर्षाला ५० हजार आहे. आधी महिन्याला १५०० भेटत होते, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचे २५०० केले. बँक खातं आधारशी जोडलेलं पाहिजे नाहीतर पैसे लटकतात. एसटीत ७५ टक्के सूट आहेच.

वावरातून_थेट
माझं ऐका, लग्न करून द्या. जबाबदारी अंगावर पडली की माणूस सुधरते. आमच्याकडं एकाचं केलं.

वर्ध्याची_मॅडम
वावरातून_थेट भाऊ, अन् त्या पोरीचं काय? एका आईचं काम दुसऱ्या बाईच्या गळ्यात घालायचं, अन् तिला आधी सांगायचंही नाही, हेच होते न गावात? मतिमंदत्व हा काही ताप नाही हळद लागली की उतरायला. आणि ताई, कोणी मनोरुग्णालयात टाका म्हटलं तर तेही ऐकू नका. हा मानसिक आजार नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही त्याला मानसिक आजारात धरलेलं नाही.

मी स्पेशल टीचर आहे, तर आमच्या बाजूचं सांगते. १८ पूर्ण झाले की आई कायद्यानं आपोआप पालक राहत नाही, हे बहुतेक घरांना बँकेत अडल्यावरच कळते. १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, मतिमंदत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी अन् बहुविकलांगता अशा चौघांसाठी. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. बँकांनी ते मान्य करायचं असं रिझर्व्ह बँकेनंच सांगितलंय. बहीणही अर्ज करू शकते. आई आहे तोवरच करून ठेवा, नंतर शेताच्या सातबाऱ्यावरून काका-मामा जागे होतात, मी लय पाहिलं हे.

त्याच कायद्यातली निरामय योजना पण घ्या, वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्य विमा, वयाची अट नाही, ओपीडी अन् औषधं बसतात, म्हणजे फिटच्या गोळ्यांचा खर्च निघू शकते. दरवर्षी रिन्यू करायला विसरू नका. अर्ज ट्रस्टकडं नोंदलेल्या संस्थेमार्फत जातो. जवळची कोणती ते जिल्हा परिषदेच्या समाजकल्याणला विचारा, प्रौढांची कार्यशाळा कुठं चालू आहे तेही तिथंच विचारा. नागपूरला केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांचं पुनर्वसन केंद्र आहे, एकदा दाखवून आणायला हरकत नाही.

परतवाड्याचा_बाप
माझी पोरगी २६ ची आहे म्हणून लिहून राहिलो. आमच्या भागात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचं बालगृह आहे, २०२४ ला पद्मश्री भेटली त्यांना. १८ नंतर या लेकरांनी जायचं कुठं हे ते कितीतरी वर्षांपासून सरकारला विचारून राहिले, कायदा करा म्हणतात. पण ते बेवारस सापडलेल्या लेकरांसाठी आहे ताई. घर असलेल्याला घरच पाहावं लागते.

कागदपत्रं होतील, धक्के खाऊन का होईना. खरी पंचाईत सकाळी आठ ते संध्याकाळी सहाची असते. तुमच्या भावाला काम येते ही मोठी गोष्ट आहे. खर्रा देणाऱ्यांशी भांडू नका, दुसऱ्या दिवशी तेच लोक त्याला हाकलतात. पोलीस पाटील नाहीतर सरपंच, जो ऐकते त्याला सोबत घेऊन वावरमालकाकडं जा. म्हणा, कामावर बोलवा पण रोजी ठरवा, दुपारची सुट्टी द्या अन् पैसे खात्यात नाहीतर आईच्या हातात. आम्ही बचत गटाच्या डाळ मिलमध्ये पोरीला असंच लावलं, तूर पाखडते, पाकिटं मोजत नाही पण खोक्यात बारा खाने करून दिले, सगळे भरले की झालं. आधी बाया हसत होत्या, आता ती आली नाही तर फोन करतात.

आणि ग्रामपंचायतीला स्वनिधीतले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावेच लागतात. ग्रामसभेत उठून विचारा, मागच्या साली कशावर केले. आमच्याकडं पहिले खुर्च्या वाटून मोकळे झाले होते.

पुसदची_लेक
बापरे, किती लिहिलं सगळ्यांनी. पालकत्वाचं तर कानावरही नव्हतं. दिवाळीला जाऊन मेडिकलचं करते. एक विचारू? गोळ्यांमुळे सकाळी त्याला गुंगी असते, लांबच्या प्रवासात फिट आली तर?

दिग्रसवाला
गोळी चुकवू नका काहीही झालं तरी. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-कांदा-चप्पल काही नाही, अन् पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन. जायच्या आधी मेडिकलला विचारून घ्या मतिमंदांची टेस्ट कोणत्या वारी असते, रोज नसते ती.

वर्ध्याची_मॅडम
आणि दिवाळीच्या सुट्ट्या पाहून जा बाई, नाहीतर आईच्या गुडघ्यांना उगाच फेरा.