वसंतातली कुत्र्याबरोबरची मजा: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, पळस-पांगारे फुललेत, कोकिळ पहाटेपासून सुरू आहे. घरात कुत्रं असलं की दिवसातून दोनदा बाहेर पडावंच लागतं आणि त्या निमित्ताने फाल्गुन-चैत्र अगदी जवळून बघायला मिळतो. तुम्ही आणि तुमचं कुत्रं या दिवसांत काय करता, घरात आणि बाहेर, ते लिहा. छोटं असलं तरी चालेल.

सुरुवात मी करते. आम्ही पुण्यात, वेताळ टेकडीच्या पायथ्याशी राहतो. आमची भिंगरी गावठी, गव्हाळ रंगाची. उजाडता उजाडता आम्ही वर जातो. गिरिपुष्पाच्या निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी तुरे लगडलेले असतात आणि खाली पाचोळा इतका, की तिचं एकेक पाऊल ऐकू येतं. ती मुद्दाम वाट सोडून पाचोळ्यात शिरते. चार पावलं टाकते, थांबते, पुढचा एक पाय उचलून धरते आणि कान टवकारते. पानांखालून सापसुरळी सरकलेली असते. मग नाक खुपसायचं, दोन्ही पायांनी पाचोळा उडवायचा, शिंका द्यायच्या. सापसुरळी केव्हाच पसार झालेली असते, पण भिंगरीचं समाधान झालेलं असतं. वर तांबट पक्ष्याचं टुक-टुक चालू असतं. तो मान फिरवत ओरडतो, त्यामुळे आवाजाची दिशा कळत नाही. आम्ही दोघी माना वर करून शोधत राहतो.

घरातला सोहळा पाडव्याच्या आदल्या रात्री. चक्का बांधून पंचा टांगला की खाली पातेलं आणि पातेल्याशेजारी भिंगरी. प्रत्येक थेंब पडताना तिचे डोळे वरून खाली जातात. सकाळी साखर-जायफळ घालायच्या आधी तिचा चमचाभर चक्का बाजूला काढलेला असतो. श्रीखंड मात्र तिला देत नाही. जायफळ कुत्र्यांना बाधतं.

ठाणे

आमच्याकडे लॅब्रडॉर आहे, त्यामुळे वसंत म्हणजे केस! थंडीतली आतली दाट लव आता गळते. रोज संध्याकाळी गॅलरीत चटई टाकून त्याला विंचरायचं हे माझं आणि आईचं ठरलेलं काम. पाठीवरून फणी फिरली की डोळे मिटतो, पोटाजवळ आली की आपणहून कूस बदलतो. आई एरवी 'कुत्रं नको घरात' म्हणायची, आता फणी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. फणीतला पुंजका कठड्यावर ठेवला तर बुलबुल आणि चिमण्या घरट्यासाठी उचलून नेतात.

नाशिक

ठाणेकर, चटईचं वर्णन वाचून आमच्या म्हाताऱ्या सोनूची आठवण आली. फक्त एक सांगते. कुत्र्याच्या मानेवर गोचिडांचं औषध घालत असाल तर ते केस पक्ष्यांसाठी ठेवू नका. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या टिट पक्ष्यांची प्राण्यांचे केस लावलेली घरटी तपासली. 2025 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तपासलेल्या प्रत्येक घरट्यात फिप्रोनिल हे कीटकनाशक सापडलं. आपल्याकडच्या गोचिडांच्या औषधांतही ते असतं. चिमण्यांसाठी नारळाच्या काथ्याचे सुटे धागे ठेवा, आनंदाने नेतात.

आमच्या भागात सध्या द्राक्षांचा हंगाम आहे. नवीन पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवा, द्राक्षं आणि मनुके कुत्र्यांच्या मूत्रपिंडावर परिणाम करतात. एकसुद्धा देऊ नये. काकडी द्या, बिया काढलेलं कलिंगड द्या.

झाडीपट्टीतून

मोहाचा हंगाम म्हणजे आमचा वसंत. फुलं पहाटे टपटप पडतात, म्हणून आई, काकू अंधारातच टोपल्या घेऊन निघतात आणि आमचा काळू सगळ्यांच्या पुढे. तो नसला तर आई निघतच नाही. मोह अस्वलालाही आवडतो आणि वेळही त्याची तीच. काळू झाडाभोवती एक फेरी मारतो, वास घेतो, मग मुळाशी बसतो. तो बसला की बायका वेचायला वाकतात. कधी तो मध्येच उठून एका दिशेला बघत बारीक गुरगुरतो, तेव्हा सगळ्या एकत्र येऊन मोठ्याने बोलायला लागतात. मी शिकायला शहरात असतो, पण मार्चमध्ये दोन-चार दिवस तरी काढून घरी जातोच. पिवळसर, रसाळ फुलांचा तो गोड वास, ओल्या मातीत उमटलेले काळूचे पंजे, टोपली भरत आल्यावर काकूने त्याला दिलेला भाकरीचा तुकडा, हे मला दुसरीकडे कुठे मिळणार? दिवसभर फुलं अंगणात वाळतात आणि शेळ्यांना हाकलण्याचं काम पुन्हा त्याचंच.

हॅनोव्हर, जर्मनी

इथे वसंत उशिरा येतो, पण आला की एकदम. आयलेनरीडे हे शहरातलंच मोठं जंगल, सुमारे 640 हेक्टर. झाडांना पानं फुटायच्या आधी जमीन रानअॅनिमोनीच्या पांढऱ्या फुलांनी भरून जाते. हिवाळाभर अंधारात घाईघाईने फिरवून आणलेल्या माझ्या कुत्रीला आता संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड मिळतो आणि ती प्रत्येक बुंध्याशी थांबते. मी थांबू देते. रानलसणाचा वास सगळीकडे सुटलेला असतो. आपण त्याची चटणी करतो, कुत्र्यांना मात्र कांदा-लसूण वर्गातलं काहीच चालत नाही, त्यामुळे तेवढ्या पट्ट्यातून जरा भरभर. आमच्या राज्यात 1 एप्रिल ते 15 जुलै जंगलात आणि मोकळ्या रानात कुत्र्याला दोरी लावावीच लागते, कारण पक्ष्यांची अंडी-पिल्लं, हरणांची पाडसं जमिनीवर असतात. हा नियम मला मनापासून आवडतो.

दापोली तालुका

हॅनोव्हरच्या ताई, आमच्या किनाऱ्यावरही तेच करायला हवं! फेब्रुवारी ते एप्रिल ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर पडतात. वेळासला 2002 पासून हे संवर्धन चाललंय. अंडी कुंपणाच्या आत हलवतात त्यामागे कुत्री आणि कोल्हे हेही एक कारण आहे. वाळू उकरणं हा कुत्र्यांचा स्वभावच. म्हणून या दिवसांत आमच्या वाघ्याला पुळणीवर दोरीनेच नेतो आणि ज्या बाजूला घरटी आहेत तिकडे नेतच नाही. खाडीकडच्या टोकाला मात्र त्याची चैन असते. ओहोटीला खेकडे बिळात पळतात आणि हा एका बिळावरून दुसऱ्यावर. घरी आलं की गोड्या पाण्याने पाय धुवायचे, मग मागीलदारी माडाखाली दुपारभर झोप. आंबा पिकला की गराचा वाटा त्याला मिळतो, बाठा कधीच नाही. गिळला तर आतड्यात अडकतो.

नागपूर

आमच्याकडे वसंत फार थोडा. मार्च संपता संपता दुपार चाळिशीकडे जाते. सकाळी सहा ते साडेसात हीच आमची वेळ. मग कूलरसमोर ओल्या गोणपाटावर तो आणि शेजारी पेपर घेऊन बाबा. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही.

फलटणजवळून

गहू निघाला, रान मोकळं झालं, आता उसाला पाणी. दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी उसाच्या सऱ्यांत वळवायला, गेलो की आमचा टायगर सोबत असतोच. मोटर सुरू झाल्याचा आवाज आला की असेल तिथून पळत येतो आणि पाटात पोट टेकून बसतो, नेमका मला दार मोडायचं असतं तिथेच. पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी वळून जातं. 'ऊठ रे' म्हटलं की शेपूट पाण्यावर आपटतो, उठत नाही. मग मीच बांधावर बसतो, चपला काढून पाय पाण्यात सोडतो. वीज असेपर्यंत आमचं असंच चालतं. अजून कुणाचा पाटात बसतो का हो?